दिवाडी बेटावरून होडी घेऊन आलेल्या भाऊंना

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव इथे लिहीत नाही. तळ्यावर फोटो काढायला मंडळी आली तेव्हा तुम्ही पाठ फिरवून वल्ही धुवायला निघून गेलात, त्यावरून तुमचा स्वभाव कळला. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. ज्यांनी आम्हाला इतकी वर्षे ह्या दारातून त्या दारात पाठवले त्यांच्याही नजरेला ते पडावेत, असे मनापासून वाटते.

आमचे तळे लहान. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत बसण्याचा, मान मिळाला, गोव्यातले ते पहिले, आणि त्याचा आम्हालाही आनंद झाला. पण डिचोलीत काय, तिसवाडीत काय, गावोगावची जी तळी कोणाच्या यादीत नसतात त्यांच्याच पाण्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, पिकते. आमच्या तळ्याची मानस, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडली की खालची सगळी शेते भिजायची. त्याच तळ्यावर केंदाळ, म्हणजे साल्व्हिनिया नावाचे तरंगणारे तण, पसरले आणि पाणी दिसेनासे झाले. एकदा तर एक वासरू हिरवळ समजून आत शिरले, ते दोरखंड लावून ओढून काढावे लागले. खाली उजेड नाही, वारा नाही. मासे मरून काठाला लागायचे. अडई बदके दर हिवाळ्यात थव्याने उतरायची, ती वरच्या वर घिरट्या घालून निघून जाऊ लागली.

अर्ज केले, पाहणी झाली, पुन्हा अर्ज केले. शेवटी कोण्या कंत्राटदाराचे यंत्र आले. त्याने केंदाळ चिरडले, जेवढे हाती लागले तेवढे काढून बांधावर ओतले आणि निघून गेले. पहिल्याच मोठ्या पावसात तो ढीग परत पाण्यात उतरला. साल्व्हिनियाला बी धरतच नाही, ती वाढते ती मोडलेल्या तुकड्यातून. बोटाच्या पेराएवढा तुकडा राहिला तरी पुरतो. उबदार, साचलेल्या पाण्यात ती थोड्या दिवसांत दुप्पट होते. म्हणजे त्या यंत्राने आमच्या तळ्यात लावणीच केली. हे आम्ही तेव्हाच सांगत होतो, हात जोडून सांगत होतो. कोणी ऐकले नाही. वर तेच यंत्र, चाकांना आणि पात्यांना केंदाळ लोंबत असताना, न धुता पुढच्या गावच्या तळ्यावर नेले. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो घालवायचाही नाही.

आणि तुम्ही? ना नात्याचे, ना गावचे. नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला आलात, येता येता तळे पाहून थांबलात, काठावरच्या बायकांशी दोन शब्द बोललात. पुढच्या रविवारी फेरीबोटीतून पिकअप उतरली आणि तिच्यावर तुमची होडी. आई म्हणाली, दिवाडीचा देव सप्तकोटेश्वर असाच नदी ओलांडून आमच्याकडे आला होता. शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ १६६८ साली नव्याने बांधायला काढले, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. आईने तुमची तुलना देवाशी केली नाही, ती तसे करणारी नाही; तिला फक्त ती वाट आठवली.

काम कसे झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की केंदाळ आपोआप पूर्वेच्या बांधाला येऊन दाटते, तेव्हाच उतरायचे, हे तुम्ही सांगितले. मोकळे झालेले पाणी बांबू बांधून अडवायचे, म्हणजे मागचे पुढे येत नाही. आणि काढलेले बांधावर ठेवायचे नाही, पावसाचे पाणी जिथून तळ्याकडे वळणार नाही अशा माळावर न्यायचे. ओले केंदाळ म्हणजे बहुतेक सगळे पाणीच. पाट्या वाहून आमचे खांदे भरून आले, पण एकानेही कुरकुर केली नाही, कारण सगळ्यात जड पाटी नेहमी तुमच्या डोक्यावर असायची. काही शिकलेल्या मुलांनी विचारले, केरळात १९८० च्या दशकात बारीक सोंडकिडे सोडून हेच तण आटोक्यात आणले, मग इथे हाताने कशाला? तुम्ही शांतपणे म्हणालात, मोठ्या जलाशयाला ते बरोबर, पण एवढ्याशा तळ्याला गावाचे हात पुरे. आणि पुरले.

पण हे पत्र मी लिहायला बसले ते एका संध्याकाळीसाठी.

सगळे बाहेर आले होते, थकलेले. माझी आई सत्तरी ओलांडलेली, तरी काष्टा घालून दिवसभर काठावर पाट्या भरत होती. ती पायरीवर टेकली होती. तुम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "मावशे, पांय मुखार कर गो," म्हणजे पाय पुढे कर. आईला काही कळेना, तिने संकोचून पाय आत ओढले. तुम्ही थांबलात, हसलात, परत तेच म्हणालात. मग तिच्या बोटांमधून, टाचेवरून, लुगड्याच्या ओच्यातून केंदाळाचे बारीक बारीक तुकडे एकेक करून वेचलेत आणि एका रिकाम्या डब्यात टाकलेत. सकाळी ती ह्याच पायांनी कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, तळीवर जाणार, हे तुमच्या ध्यानात होते. आमच्या कोणाच्या नव्हते. नंतर मुलांच्या चपला, पाट्यांचे कड, दोरखंड. शेवटी होडी पालथी घालून फळ्यांच्या सांध्यांतून नखाने तुकडे काढत बसलात, अंधार पडेपर्यंत. डब्यातले सगळे पत्र्यावर उन्हात पार सुकवल्यावरच टाकून दिलेत.

त्या वेळी मला ते न धुतलेले यंत्र आठवले आणि घशात काहीतरी अडकले. ज्या तळीत तुमचे काही नाही, जी तुम्ही पाहिलेलीसुद्धा नाही, तिच्यासाठी तुम्ही एका म्हाताऱ्या बाईच्या पायांपाशी बसलात. पद, पगार, शिक्का यांतले काहीही तुमच्याकडे नव्हते. अशी माणसे गोव्यात अजून आहेत, होडीवर, शेतात, फेरीच्या धक्क्यावर. त्यांना कोणी समितीवर घेत नाही आणि तीही कोणाकडे काही मागत नाहीत. त्यांच्या जिवावर आपली गावे उभी आहेत असे मी म्हणते, आणि ज्याला हे वाढवून सांगितलेले वाटेल त्याने आमच्या तळ्यावर येऊन पाहावे.

तळे अजून पूर्ण सुटलेले नाही. कोपऱ्यातल्या लव्हाळ्यात थोडे थोडे फुटते. शाळेतून येताना पोरे काठाने फिरतात आणि दिसले की काढतात, काढले की आधी आपले पाय तपासतात. हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, डिझेलचेही नाहीत. पण आमचा गाव काजूचा आहे. होडीला लावायला टरफलाच्या तेलाचा डबा भरून ठेवला आहे, आणि वायंगणाचे तांदूळही. दोन्ही घेऊन रविवारी सकाळच्या फेरीने आम्हीच दिवाडीला येत आहोत. आईही येणार आहे. घरी असा, आणि ह्या खेपेला नको म्हणू नका.

तुमची,
डिचोली तालुक्यातली एक शेतकरीण