बाबा, तो गंधार ऐका

कोपरखैरणे

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

आमच्या तालमीतला माझ्या गाण्याचा व्हिडिओ बघून आईचा एकच प्रश्न आला, ‘घसा फाडून घेणार आहेस का?’ नाही गं. सायबेरियातल्या तुवा प्रांतातली ती गायकी आहे, खूमेई. एक खर्ज धरून ठेवायचा आणि जिभेने तोंडातली पोकळी लहान-मोठी करत त्याच आवाजातला एकेक वरचा स्वर उघडा करायचा. म्हणजे दोन माणसं गातायत असं वाटतं. कार्गिरा हा त्यातलाच खोल प्रकार. त्यात स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही थरथरतात आणि आवाज सप्तकभर खाली उतरतो. तो मी बेतानेच करतो. ज्येष्ठमध चालू आहे.

बाबा, तुमच्यासाठी खरी गंमत पुढे आहे. माझा सा ११० हर्ट्झ धरला, तर त्यातच दडलेल्या वरच्या स्वरांपैकी, म्हणजे स्वयंभू स्वरांपैकी, आठवा म्हणजे वरचा सा, नववा रे, दहावा ग आणि बारावा प. तुवाचे गायक मधला अकरावा सहसा टाळतात. दहाव्याचा गंधार नेमका ११००. तंबोऱ्यात ऐकू येतो तोच, फक्त वरच्या सप्तकात. पण सिंथचा, म्हणजे आमच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा, गंधार पेटीसारखाच ११०८च्या पुढे. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला आठ-नऊ हेलकावे. पेटीच्या गंधारावर तुम्ही जन्मभर का चिडलात ते वाशीच्या तालमीत मला आकड्यांत दिसलं. शेवटी सिंथच तंबोऱ्याला लावून घेतला. चेलो आणि व्हायोलिनला पडदेच नाहीत, ती आपसूक जुळली.

लॅपटॉपवर आधी भरून ठेवलेलं काही नसतं. माइकमधून आलेला माझाच आवाज तो गाळतो, त्यातला एखादा स्वर लांबवतो, चेलोवर सोडतो. घुमारा वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण जरा जास्त झाला की ध्यान शिबिराची कॅसेट लागल्यासारखं होतं. त्यावरून आमची भांडणं रोजचीच.

आई, कॅनडातल्या इनुइट बायकांचं घशातलं गाणं तुला आवडेल. दोघी समोरासमोर उभ्या राहून श्वासाच्या तालावर घुमतात, आधी हसली किंवा दमली ती हरली. आपल्या मंगळागौरीच्या पिंग्यासारखंच. त्यांच्यातलीच गायिका तान्या टागाक ते एकटीने गाते, क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबरही गायली आहे.

पुढच्या महिन्यात याल तेव्हा तंबोऱ्याच्या जवारीचा रेशमी दोरा नक्की आणा. इथला शिवणाचा दोरा घालून पाहिला, नाद उघडत नाही. आणि बाबा, तालमीला बसायचंय, तेव्हा परतीचं तिकीट लगेच काढू नका.

तुमचा,
बाळू