मागचं झाकण

कोल्हापूर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुभ्या,

दिवाळीपासून ना फोन, ना तुझ्या मेसेजला उत्तर. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. माझी साखर गोळ्यांवर ठीक, हिचे गुडघे तसेच, आईला ऐकू येत नाही पण जे ऐकायचं नाही ते बरोबर ऐकू येतं.

लिहायचं कारण विशू. त्यानं कार्टिंग, म्हणजे त्या छोट्या गाड्यांच्या शर्यती, सोडलं हे तुला माहीत आहेच. आता गड्याला गाडी नुसती पळवायची नाही, बनवायची आहे. आप्पांच्या शेडमध्ये नळ्या वाकवून, वेल्ड करून चेसी उभी केली. दोनच सीटा, पाठीमागं मोटारसायकलचं ६५० सीसीचं ट्विन इंजिन, वर फायबरची बॉडी. खोटं कशाला बोलू, दिसायला नाद खुळा झालीय. चहाच्या सुट्टीत उद्यमनगरातली पोरं बघायला येतात आणि जाताना एकेक सल्ला ठेवून जातात. म्हादबा मेस्त्रींसारख्या नामी कारागिराच्या गावात सल्ल्याला काय तोटा!

आज कागलकडं प्लॉटिंगच्या मोकळ्या रस्त्यावर नेली. हाच बसला. वेग वाढला तसं मागचं झाकण थरथरायला लागलं, मग चांगलं वीतभर उचललं. मी हात करतोय, ओरडतोय, आणि हा दाबतोच आहे. उतरला तो हसत. म्हणे, “पप्पा, ब्रूस मॅक्लारेनचं पण असंच झालं होतं!”

मग ती गोष्ट. मॅक्लारेन म्हणजे शर्यतीच्या गाड्या बनवणारा आणि स्वतःच पळवणारा गडी. एकदा गाडी तपासत होता, तर पेट्रोल भरायच्या तोंडावरचं झाकण वाऱ्यानं दबायचं सोडून वर उचलायला लागलं. दुसरा असता तर मेकॅनिकवर खेकसला असता. ह्यानं ओळखलं, आत हवा कोंडलीय. पिटमध्ये आला, कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागची बॉडी सरळ कापली. हवेला वाट मिळाली.

लेका, मीपण वाचलंय की ते. तो माणूस मलाही आवडतो, म्हणून तर जास्त वैताग. लहानपणी खुब्याचा आजार, दोन-तीन वर्षं अंथरुणात, डावा पाय कायमचा आखूड. न्यूझीलंडात ऑकलंडला बापाचं गॅरेज, तिथल्या जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवर हात बसला. १९५९ ला सेब्रिंगला फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रां प्री मारली तेव्हा वय २२. एवढ्या लहान वयात जिंकायचा तो विक्रम २००३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. १९६३ ला स्वतःची टीम काढली, १९६८ ला बेल्जियममध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीत बसून जिंकला. १९६९ च्या कॅन-ॲममध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या शर्यतींच्या मालिकेत, ११ पैकी ११ शर्यती त्याच्याच गाड्यांनी घेतल्या. रस्त्यावर चालवायची एम६जीटी काढली तीसुद्धा स्वतः वापरून बघायचा. विशूच्या भिंतीवर तिचाच फोटो आहे, आणि शेडमधल्या गाडीचं नाक कुठून आलंय ते तुला बघताक्षणी कळेल.

पण पुढचं पोरगं सांगत नाही. २ जून १९७०, इंग्लंडमधला गुडवुडचा ट्रॅक. शर्यतीची नवी गाडी एम८डी तपासताना सरळ रस्त्यावर मागची बॉडी सुटली. गाडी दाबून धरणारा पंख त्याच बॉडीवर, तो गेला म्हणजे मागच्या चाकांची पकड गेली. गाडी फिरली आणि बाजूच्या पक्क्या बांधकामावर आदळली. तो जागीच गेला. वय ३२.

माणूस तोच, झाकणच उचललेलं. विशूला पहिली गोष्ट पाठ आहे, मला दुसरी झोपू देत नाही.

मी म्हटलं, बनव, पण दुसऱ्या कुणाला तरी बसव. तर म्हणतो, “मी जोडलेल्या गाडीत दुसऱ्याच्या पोराला बसवू?” सांग, काय बोलणार? हिला काही सांगितलेलं नाही. ती बंद करा म्हणेल, आणि बंद केलं तर हा दुसरीकडं जाऊन करेल, जिथं हात करायला मीपण नसेन. तुलाच लिहितोय, कारण शिंगणापूरच्या वळणावर धन्याची गाडी उचलायला आपण दोघंच होतो.

तू म्हणशील, खिटी जाड बसव. तुझं जुनंच आहे ते. यझदीला पण ‘ऑइल जास्त घाल’ म्हणालास आणि अख्खी शाहूपुरी धुरात घातलीस. चूक तुझीच होती, आजही मागं हटणार नाही. खिटीचं नाही रे, हवा आत कुठून शिरते ते कुणीतरी त्याच्याबरोबर बसून बघायला पाहिजे. तुझा जन्म गाड्या तपासण्यात गेला. तुझं ऐकेल तो. बापाचं ऐकायला काय तो आपल्यापेक्षा शहाणा आहे?

मनूचं जर्मनीचं जमलं म्हणे, झकास. फ्लॅटची भानगड मिटली का? वहिनींना नमस्कार.

पुढच्या रविवारी परत काढणार म्हणतोय. शनिवारी रात्रीपर्यंत पोच. तुमच्याकडं टेस्टच्या गाड्यांना लावायचात तसल्या स्प्रिंगच्या पिना मिळाल्या तर घेऊन ये, इथं मिळतात त्या माझ्या मनाला येत नाहीत. मटण सांगून ठेवतो. यायला जमणारच नसेल तर मला फोन करू नकोस, त्याला कर.

तुझा,
बाब्या