आई-बाबांना, तिच्याबद्दल आणि माझ्या हनुवटीवरच्या खुणेबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर बोलायला लागले की मला रडू येतं, मग आई तू पण रडतेस आणि बाबा फोन घेऊन नुसते हं हं करत राहतात, म्हणून लिहितेय. आज माझी मैत्रीण जाऊन 19 दिवस झाले. मोजायचं नाही असं ठरवलं होतं पण सकाळी डोळे उघडायच्या आधी आकडा डोक्यात आलेला असतो. तिचं नाव लिहायला घेतलं की पुढे हात चालत नाही, तर नुसतं 'ती' लिहिते. आपल्या घरात 'ती आली का गं' असं कुणी विचारलं तर दुसरं कोणी असायचंच नाही, त्यामुळे तुम्हाला कळेलच.

एक गोष्ट तुम्हाला नीट सांगितली नव्हती. हार्ट अटॅक आला एवढंच तुम्हाला माहितीय. पण त्याआधी आठवडाभर तिला जिना चढताना दम लागत होता, मळमळत होतं आणि पाठीत वरच्या बाजूला दुखत होतं. मला फोनवर म्हणाली, "काही नाही गं, जरा दमलेय, झोप झाली की बरं वाटेल." आई, हे वाक्य कुणाचं आहे सांग. तुझंच, शब्दन् शब्द. आणि मी तिला म्हटलं आराम कर, किती धावपळ करतेस. झालं. तेवढ्यावर आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो. शेवटच्या रात्री छातीत जड वाटायला लागलं तरी ऍसिडिटी असेल म्हणून सकाळची वाट बघितली तिने, कुणाला झोपेतून उठवायचं नव्हतं तिला.

नंतर तिच्या नवऱ्याला डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा मी शेजारी उभी होते. रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू लगेच मरायला लागतो, जितका उशीर तितका जास्त मरतो. बायकांनाही बहुतेक वेळा छातीत दुखतंच, पण त्यासोबत आणि कधीकधी तर त्याच्याऐवजी दम लागणं, मळमळ, जबडा नाहीतर पाठ दुखणं, विनाकारण खूप थकवा असं काही होतं, आणि ते घरातल्या कामाच्या नावावर खपून जातं. आणि बाबा, शुगर बरीच वर्षं असली की नसांवर परिणाम होऊन दुखणं नीट जाणवतच नाही असंही ते म्हणाले. मी तिथे उभी राहून तुमच्या दोघांचा विचार करत होते. माझी मैत्रीण गेलेली आणि मी आईच्या थकव्याचा हिशोब मांडत होते. म्हणून आता स्पष्ट मागते, यापुढे 'जरा दमलेय' हे वाक्य मला चालणार नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी शेजारच्यांना उठवायचं, ऍम्ब्युलन्स बोलवायची. कुणाची झोप मोडेल याचा विचार करायचा नाही.

बाकीचं बोलायचं तर माझं काय चाललंय ते मलाच कळत नाहीये. रजेच्या फॉर्मवर नातं काय असा रकाना होता, तिथे मैत्रीण लिहिलं, तर मैत्रिणीसाठी तशी रजा नसते असं कळलं, मग माझ्या खात्यातली घेतली. त्याचं काही नाही. पण दिवसभर जो भेटेल तो विचारायचा, "नात्यातली होती का?" मी नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा लगेच सैल व्हायचा. तिच्या घरीही तसंच, लोक तिच्या नवऱ्याजवळ बसत होते, तिच्या आईजवळ बसत होते, मुलांना जवळ घेत होते, आणि तसंच व्हायला हवं होतं, मी सगळ्यांना पाणी देत फिरत होते. 38 वर्षांची मैत्री आणि मला कुठे बसायचं तेच कळेना.

झोप येत नाही म्हणून रात्री वाचत बसते. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलंय, ज्याला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून जागाच देत नाहीत, आणि त्यात मित्र गेल्याचं दुःखही येतं. ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. ऑफिसातल्या एकीने दुःखाच्या पाच पायऱ्या पाठवल्या होत्या, मी त्यात स्वतःला शोधत होते आणि सापडत नव्हते, मग कळलं की एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांशी बोलून नाही. मग मी शोधणं सोडून दिलं.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. डॅनिएल वेग्नर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1985 मध्ये असं मांडलं की जवळची माणसं लक्षात ठेवायचं काम आपसात वाटून घेतात, काही एकाकडे काही दुसऱ्याकडे, आणि प्रत्येकाला माहीत असतं की कुठली गोष्ट कुणाकडे आहे. आई, आमचं अगदी तसंच होतं गं. शाळेतल्या सगळ्यांची नावं तिच्याकडे, कोण कुठल्या बेंचवर बसायचं ते तिच्याकडे, मी पहिल्यांदा कुणाशी कशावरून भांडले, कुठल्या बाईंना घाबरायचे, सगळं तिच्याकडे. माझ्याकडे गाणी, कविता आणि तारखा. मला काही आठवलं नाही की मी डोक्याला ताण द्यायचेच नाही, सरळ तिला फोन. परवा दुसरीतल्या बाईंचं नाव आठवेना आणि मी फोन हातात घेऊन तिच्या नावापर्यंत स्क्रोल केलं. तेव्हा समजलं की ती गेली त्यासोबत माझंही बरंच काही गेलंय, मी आठ वर्षांची होते ती पोरगी तिच्याकडे ठेवलेली होती आणि तिची कॉपी माझ्याकडे नाहीये.

आणि हनुवटीवरची खूण. ती म्हणायची तू स्वतः जिन्यावरून उडी मारलीस, मी म्हणायचे तू ढकललंस, 35 वर्षं हा वाद चालू होता, तिच्या लग्नात चालू होता, माझ्या बाळंतपणात मला हसवायला म्हणून तिने तोच काढला होता. कधी मिटवावा असं वाटलंच नाही. आता माझं म्हणणं एकटं उरलंय आणि एकटं उरल्यापासून मला ते खरं वाटेनासं झालंय. कदाचित तीच बरोबर असेल. मला ती बरोबर असलेली हवीये.

म्हणून तुमच्याकडे मागते. तिचं जे जे आठवतंय ते मला लिहून द्या, क्रम नको, शुद्धलेखन नको. आई, तिची आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा ती आपल्याकडे किती दिवस राहिली? रात्री ती तुझ्या कुशीत झोपायची आणि मला राग यायचा, एवढंच माझ्याकडे आहे. बाबा, तुम्ही आम्हा दोघींना एकाच सायकलवर शिकवलंत, तिची सायकल सोडली तेव्हा ती मागे वळून बघत होती का हो? ती तुमच्याकडे गणित शिकायला यायची तेव्हा मी बाहेर खेळत असायचे, त्या टेबलावर तुम्ही दोघं काय बोलायचात ते मी कधी विचारलंच नाही.

रविवारी फोन करते तेव्हा आधी बाबांना द्या. त्या दिवशी मी पडले तेव्हा जिन्यात वरून धावत आधी तुम्हीच आलात, एवढं मला पक्कं आठवतंय. बाबा, तिचा हात कुठे होता तेव्हा?

तुमची,
मनी