चूक मुलांनाच शोधू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागात सध्या जिकडेतिकडे 'वय वर्षे ६ पासून कोडिंग' असे बोर्ड लागलेत आणि आईबाप फी भरायला तयारच आहेत. अहो, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा कोडिंगच्या अ‍ॅक्टिव्हिटी सहावी ते आठवीच्या टप्प्याला सांगितल्यात, मग पहिलीतल्या पोराला स्क्रीनसमोर बसवायची एवढी घाई कशाला? त्यातलं जे लहानपणीच शिकण्यासारखं आहे, म्हणजे आपल्याच कामात नेमकं कुठं चुकलं ते हुडकून तेवढंच दुरुस्त करणं, त्याला कॉम्प्युटर लागतच नाही.

मी प्राथमिक शाळेत हे खडूवर केलंय. फरशीवर चौकोन आखायचे, एक पोरगं रोबोट, दुसऱ्यानं जुन्या लग्नपत्रिकांच्या मागं बाण काढून कार्डं ओळीनं मांडायची आणि रोबोटला डब्यापर्यंत न्यायचं. रोबोटनं कार्डावर आहे तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही (हेच सगळ्यात अवघड, तो हळूच डब्याकडे सरकतोच!). रोबोट भलतीकडे गेला की मुलं काय करतात, सगळी कार्डं गोळा करून परत पहिल्यापासून मांडायला बसतात, नाहीतर एकदम तीन-चार कार्डं बदलतात आणि मग कशानं जमलं ते कुणालाच कळत नाही. तिथंच बाईंनी थांबवायचं. अर्ध्या कार्डांपर्यंत रोबोट बरोबर होता का ते बघा, असेल तर घोळ पुढच्या अर्ध्यात, मग एकच कार्ड बदला आणि पुन्हा सुरुवातीपासून चालवून बघा. बहुतेकदा गडबड डाव्या-उजव्याची निघते, कारण सांगणारा रोबोटच्या समोर तोंड करून उभा असतो. कधी कार्डं सगळी बरोबर पण डावा बाण म्हणजे जागच्या जागी वळायचं की एक घर डावीकडे सरकायचं हेच आधी ठरलेलं नसतं. पोरं त्यावरून चिक्कार भांडतात, भांडू द्यावं.

न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीएस अनप्लग्ड' नावानं असे बिनकॉम्प्युटरचे खेळ तयार केलेत, तीसएक वर्षं झाली त्याला, आणि ते फुकट मिळतात. त्यातला एक तर जादूच वाटते. एका बाजूनं काळी, एका बाजूनं पांढरी अशी २५ कार्डं मुलांनी पाच बाय पाचमध्ये कशीही मांडायची, बाईंनी एक आडवी आणि एक उभी ओळ वाढवायची अशी की प्रत्येक ओळीत काळी कार्डं सम संख्येत येतील. आता बाईंनी पाठ फिरवली की कुणीतरी एक कार्ड उलटायचं. ज्या आडव्या आणि ज्या उभ्या ओळीत काळी विषम झाली ती जिथं मिळतात तिथलं कार्ड उलटलेलं!

आणि आपल्याकडचा नऊचा ताळा? तो कुठं गेला? ४७ गुणिले २३ चं उत्तर १०९१ आलं तर आकड्यांच्या बेरजा एकच आकडा उरेपर्यंत करून अर्ध्या मिनिटात कळतं की चुकलंय: ४७ चे २, २३ चे ५, दोन्हींचा गुणाकार १० म्हणजे १, आणि १०९१ चे मात्र २ (बरोबर उत्तर १०८१, त्याचा १ येतो). १०१८ लिहिलं तर मात्र ताळा गप्प बसतो, कारण आकडे तेच, नुसती जागा बदललेली, आणि हे तिसरी-चौथीच्या मुलांना स्वतः सापडलं की त्यांना भारी मजा येते. आधार नंबरातला शेवटचा आकडा असाच तपासणीसाठी असतो आणि तो शेजारशेजारच्या आकड्यांची अदलाबदलही पकडतो.

शाळेत होतं काय, तर आपण लाल पेनानं चुकीवर गोल करतो आणि बाजूला बरोबर उत्तरही लिहून मोकळे होतो, म्हणजे शोधायचं काम बाईंचं आणि दुरुस्तीपण बाईंचीच, पोरानं फक्त पाच वेळा लिहून आणायचं. त्यापेक्षा पानाखाली 'यात २ चुका आहेत' एवढंच लिहा की. पेपर तपासायला वेळ जास्त लागतो हे कबूल, आणि पन्नास पोरांच्या वर्गात रोज नाही जमणार, पण आठवड्यातनं एकदा जमतं. पालकांचे फोन येतात, 'बाई तुम्ही चूक दाखवलीच नाही' म्हणून, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवायची.

आपल्या वर्तमानपत्रातल्या मुलांच्या पानावर 'दोन चित्रांतले फरक शोधा' असतं, तिथं कधीतरी एखादी चुकलेली कृती छापा ना, लिंबू सरबताची किंवा शाळेत जायच्या रस्त्याची, एक पायरी मागंपुढं केलेली. उत्तर दुसऱ्या दिवशी द्या, त्याच पानावर उलटं छापू नका.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा