पाऱ्याचे सेल घ्यायला पुण्यात एक ठरलेली जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली ४१ वर्षं मी नारायण पेठेत कॅमेरे दुरुस्त करतो. मागच्या महिन्यात एक ताई वडिलांचा मिनोल्टा एसआरटी १०१ घेऊन आल्या. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आता नातवाला त्यावर रोल घालायचाय. कॅमेऱ्याबरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात किल्ल्या, सुट्टी नाणी आणि त्यांतच लोळणारे नऊ बटण सेल. कॅमेऱ्याच्या तळाशी सेलचं झाकण असतं, ते नाण्याने फिरवतात. फिरेना. कडेने व्हिनेगरचे दोन थेंब सोडले, अर्धा तास थांबलो, तेव्हा कुठे ते सुटलं. आत पांढरट-हिरवी भुकटी साचलेली, खालच्या पत्रीचा मुलामा खाऊन गेलेला, वायर हात लावताच तुटली. शेजारचा, उजेड मोजणाऱ्या मीटरचा खटका ‘ऑन’वरच होता. शेवटचा फोटो काढून बंद करायचा राहिला असणार.

सेल बाहेर काढला तर त्यावर ‘पीएक्स ६२५’ आणि ‘१.३५’ हे आकडे अजून वाचता येत होते. ताई म्हणाल्या, “एवढासा तर आहे काका, टाका की कचऱ्यात.” त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नाही. म्हणून हे पत्र.

हा सेल पाऱ्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॅम्युअल रुबेन यांनी तो अमेरिकेत तयार केला. पुढे कॅमेऱ्यांत, लाईट मीटरांत, कानाच्या यंत्रांत आणि घड्याळांत तो सर्रास बसू लागला. त्याचा गुण असा, की पहिल्या दिवसापासून जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत तो १.३५ व्होल्ट देतो आणि मग एकदम बसतो. मीटरची सुई त्यामुळे भरवशाची राहते. पण अशा सेलच्या वजनात ३० ते ४० टक्क्यांपर्यंत पारा असू शकतो. म्हणजे चार ग्रॅमच्या सेलमध्ये ग्रॅमभराहून जास्त. ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर फुटला की आपण पोरांना खोलीबाहेर काढतो, जवळपास तेवढाच पारा या एका गोळीत असतो. आणि सेल वापरला जातो तसतसा आतल्या मर्क्युरिक ऑक्साइडचा सुटा पारा होत जातो. त्यामुळे संपलेला सेल निर्धोक झाला, असं कुणी समजू नये.

मिनामाता या जपानी गावात पाऱ्याने माणसं कशी पिळवटली, हे १९५६पासून जगाला ठाऊक आहे. त्याच गावाच्या नावाचा, पाऱ्यावर बंधनं घालणारा करार २०१३मध्ये झाला, भारताने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली. या सेलचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करण्यासाठी करारात २०२० हे वर्ष ठरलं होतं. ते योग्यच झालं. कुणी ‘जुना स्टॉक’ म्हणून हे सेल चढ्या भावाने विकत असेल तर घेऊ नका, त्यांची गरजही उरलेली नाही.

जुन्या बाजारातून कॅमेरा घेऊन माझ्याकडे येणारी कॉलेजची मुलं त्यात सरळ १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घालतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यामुळे मीटर उजेड जास्त दाखवतो आणि फोटो एक-दीड स्टॉप काळे येतात (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, त्यामुळे आजची चूक आणि दोन महिन्यांनंतरची चूक सारखी नसते. मग मुलं रोलला दोष देतात. त्याऐवजी कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्यावा. तो १.४ व्होल्टचा आहे आणि कानाच्या यंत्रांच्या दुकानात सहज मिळतो. आकाराने लहान असतो, म्हणून भोवती रबरी रिंग लागते. रिंगने त्याची हवेची भोकं मात्र झाकू नयेत. त्यावर आलेली चिकटपट्टी काढून हवा लागली की तो दोन-तीन महिन्यांत सुकतो, पण स्वस्त आहे, बदलावा. कायमची सोय हवी असेल तर १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि मध्ये व्होल्टेज थोडा उतरवणारा छोटा भाग, शॉटकी डायोड. डायोड तपकीर गल्लीत काही रुपयांना मिळतो, पण त्याला डाग (सोल्डर) माहितगार हातानेच द्यावा. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक या कॅमेऱ्याला यातलं काहीच लागत नाही, त्याच्या सर्किटला व्होल्टेजचा थोडा फरक पचतो.

ताईंचा कॅमेरा दुरुस्त झाला. त्यांचे सेल अजून माझ्याकडेच आहेत.

माझ्या माळ्यावर प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत असे ६८ सेल आहेत, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. ते कुठे द्यायचे याचं उत्तर मी तीन वर्षं शोधतोय. एका संकलन केंद्रावर गेलो तर म्हणाले, “मोबाइलची बॅटरी असेल तर द्या, ही चिल्लर आम्ही घेत नाही.” एका कार्यालयात मला सुका कचरा सांगितला. सुका कचरा म्हणजे काय? आमच्या गल्लीत रोज सकाळी येणाऱ्या मावशी तो हाताने निवडतात. फुगलेला, गळका सेल त्यांच्या बोटांत जाणार. आणि कुठे तो कचऱ्याबरोबर पेटला तर वाफ झालेला पारा सगळ्यांच्याच छातीत.

२०१६च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या आणि दर २० चौरस किलोमीटरला तो जमा करायचं एक केंद्र असावं असं लिहिलेलं होतं. २०२२च्या बॅटरी नियमांत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण ज्या सेलचं उत्पादनच थांबलं, त्याचा उत्पादक कुठे शोधायचा? या अनाथ मालाला महापालिकेनेच पदरात घेतलं पाहिजे. घातक कचऱ्याची सामायिक सुविधा रांजणगावला आहे, म्हणजे मालाची सोय होऊ शकते. अडतं ते पेठेतल्या माळ्यापासून तिथपर्यंत. माझी मागणी एवढीच आहे: शहरात निदान एक खिडकी, तिची ठरलेली वेळ, बटण सेल ओळखणारा माणूस आणि दिल्याची पावती.

तोवर घरोघरच्या मंडळींना विनंती. जुना कॅमेरा, मीटर, कानाचं यंत्र आजच उघडून बघा. सेल असेल तर काढा, प्रत्येकाला वेगळी चिकटपट्टी लावा आणि प्लास्टिकच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. बटण सेल, मग तो कुठलाही असो, गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकतो, तेव्हा घरी वाट बघत न बसता तडक इस्पितळ गाठावं. फ्रिजमध्ये, पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, फोडू नका. भुकटी पुसताना हातमोजे घाला, पुसलेला कापूसही त्याच डब्यात जाऊ द्या. ६८चे ८० झाले तरी बरणीत जागा आहे, पण ती माझ्या माळ्यावर असणं बरोबर नाही.

आपला नम्र,
एक कॅमेरा कारागीर, नारायण पेठ, पुणे