कोच निवडताना नुसते जुने नाव पाहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचविशीच्या आत-बाहेर थांबणाऱ्या ईस्पोर्ट्स (स्पर्धात्मक व्हिडिओ गेम) खेळाडूंच्या ‘दुसऱ्या इनिंग’ची दखल आपल्या क्रीडा पानाने घेतली, हे चांगले झाले. लीग ऑफ लेजंड्स या सांघिक गेमचा चीनचा खेळाडू उझी 2020 मध्ये अवघ्या 23व्या वर्षी, हाताचे दुखणे आणि मधुमेह यांमुळे निवृत्त झाला. खेळणे थांबले की कोच व्हायचे, हा रस्ता मग सगळ्यांनाच जवळचा वाटतो. आमचा आक्षेप एवढाच, की जुना नामवंत खेळाडू चांगला कोच होणारच, असे त्या लेखात धरून चालले आहे. शिवाजी पार्कवाल्या शहरात तरी हे पटू नये. आचरेकर सरांच्या खात्यात प्रथम श्रेणीचा एकच सामना होता.

दक्षिण कोरियाचा ककोमा घ्या. खेळाडू म्हणून त्याची फारशी चर्चा कधी झाली नाही, पण लीग ऑफ लेजंड्सची 2013, 2015, 2016, 2024 आणि 2025 ची जगज्जेतेपदे टी1 क्लबला (आधीचा एसके टेलिकॉम टी1) त्याच्या कोचिंगखाली मिळाली. त्याच क्लबचा बेंगी तीन वेळा जगज्जेता खेळाडू, तरी मुख्य कोचपद त्याने 2023 च्या हंगामाच्या मध्यावर सोडले. उलट डेन्मार्कचा झोनिक काउंटर-स्ट्राइक या पाच-पाच जणांच्या नेमबाजीच्या गेमच्या जुन्या 1.6 आवृत्तीत स्वतः अव्वल होता आणि कोच म्हणूनही त्याने पाच मेजर (त्या गेमच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकून दिल्या: चार अॅस्ट्रालिस संघाला, पाचवी 2023 मध्ये पॅरिसमध्ये व्हिटॅलिटी संघाला. त्या अॅस्ट्रालिसची खरी धास्ती वाटे ती त्यांच्या स्मोक-फ्लॅशच्या (धुराच्या आणि डोळे दिपवणाऱ्या ग्रेनेडच्या) वेळापत्रकाची. कोणता ग्रेनेड कोणी, कुठे उभे राहून, कितव्या सेकंदाला टाकायचा, हे ठरलेले असे. हे घडते सरावात, आणि ते घडवणाऱ्याची बोटे किती चपळ आहेत याला तिथे काही किंमत नसते.

कोचचा बहुतेक वेळ रेकॉर्डिंग पाहण्यात जातो. तीन तासांच्या स्क्रिममध्ये (सराव सामन्यांत) काउंटर-स्ट्राइकचे तीनेक मॅप, म्हणजे अनेक राउंडचे तीनेक डाव, होतात. चांगला कोच त्यातले सहा-सात राउंडच निवडतो, प्रत्येकापुढे वेळ लिहितो आणि तिथे रेकॉर्डिंग थांबवून आधी खेळाडूला विचारतो, ‘या क्षणी तुला काय माहीत होते?’ कारण रेकॉर्डिंगमध्ये शत्रू भिंतीपलीकडेही दिसतो, खेळताना दिसत नाही. हा फरक विसरला की रिव्ह्यूचे कोर्ट होते. जुने खेळाडू नेमके इथेच घसरतात. ‘मी असतो तर वळून मारला असता’ या वाक्यातून शिकण्यासारखे काहीच हाती लागत नाही. नुसत्या हरलेल्या राउंडचा रिव्ह्यू करणे हीही तितकीच मोठी चूक. नशिबाने जिंकलेला राउंड सुटून जातो आणि तीच चाल स्पर्धेत अंगाशी येते.

आपल्याकडे जास्त चालणाऱ्या बीजीएमआयमध्ये (पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो) तर काम आणखी उफराटे. एका सामन्यात 16 संघ, 64 खेळाडू. पहिल्या क्रमांकाला 10 गुण, दुसऱ्याला 6, पुढे 5, 4, 3, 2, 1, 1 आणि प्रत्येक फिनिशला (बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्याला) 1. सामना सुरू झाला की बोलायचे आयजीएलने (खेळणाऱ्या संघाच्या कर्णधाराने), म्हणून कोचने खेळाडूंना उतरवणारे विमान उडण्याआधीच सगळे बांधून द्यावे लागते. ड्रॉप (पॅराशूटने उतरण्याची जागा) कुठे, गाड्या किती, पहिले सर्कल (आकसत जाणारे सुरक्षित वर्तुळ) लांब पडले तर कोणत्या बाजूने रोटेशन (त्याकडे सरकणे), शेवटच्या सामन्यात सात गुणांची आघाडी असेल तर मध्यभागी घुसायचे की कडेचे कंपाउंड धरून बसायचे. नकाशांपैकी एरंगेल आणि मिरामार 8 बाय 8 किलोमीटरचे, सान्होक 4 बाय 4. एकाचे वेळेचे गणित दुसऱ्यावर बसवले की संघ सर्कलबाहेर मरतो. स्क्रिममध्ये बहुतेक संघ एकमेकांचा ड्रॉप टाळतात, म्हणून तिथला तक्ता फसवा असतो. स्पर्धेत दोन संघ एकाच गावात उतरले की त्यातला एक दोन मिनिटांत संपतो. त्या दोन मिनिटांचा वेगळा सराव कोण घेतो, हे जरूर विचारावे.

काउंटर-स्ट्राइकमध्ये तो गेम बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने 2016 मध्ये मेजरसाठी नियम केला, की कोचने वॉर्मअप, मध्यांतर आणि 30 सेकंदांचे चार टाइमआऊट एवढ्यातच बोलायचे. 30 सेकंदांत दोनच गोष्टी सांगून होतात. समोरच्याकडे पुढच्या राउंडला गेममधल्या 4750 डॉलरची एडब्ल्यूपी (महागडी स्नायपर बंदूक) येणार का, आणि आपण कोणत्या साइटवर (बॉम्ब लावण्याच्या जागेवर) जायचे. चिडून तिसरी सांगितली की पहिल्या दोन्ही वाया. नियमांची गोष्ट निघालीच आहे तर, 2020 मध्ये कोचला लपलेला भाग दाखवणाऱ्या, गेममधल्या कॅमेऱ्याच्या एका बगचा (दोषाचा) फायदा घेतल्याबद्दल 37 कोचवर कारवाई झाली होती. चुकून मिळालेली माहिती ताबडतोब पंचांना कळवणे हाही कोचच्या कामाचाच भाग.

मुंबई-नवी मुंबईत बूटकॅम्पवर (एकत्र राहून सरावाचे शिबिर) किंवा क्लासवर पैसे भरणाऱ्या पालकांनी आणि संघमालकांनी त्यामुळे फॉलोअर मोजू नयेत. कोच म्हणून येणाऱ्यासमोर एका हरलेल्या सामन्याचे रेकॉर्डिंग ठेवावे, वीस मिनिटे द्यावीत आणि तो थांबवतो कुठे, विचारतो काय, हे पाहावे. मनगट आणि झोपेबद्दल तो काही बोलतो का, हेही.

कोचलाही करार नीट हवा. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली. बीजीएमआय जुलै 2021 मध्ये आला, तो 28 जुलै 2022 ला हटवला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील खेळ म्हणून मान्यता दिली, 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपासून ते वेगळेही काढले. तरी एकाच गेमवर पोट असलेल्या कोचचा पगार, तो गेम बंद झाल्यावर किती महिने चालू राहील, हे कागदावर लिहून घ्यावे लागते. बक्षिसातला वाटा सांगितला जातो, पण तो टीडीएस कापण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या, हेही त्याच कागदावर हवे.

कळावे.

ईस्पोर्ट्स प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक, दादर, मुंबई