कुंडीखालची बशी

नाशिक,
रविवार, दुपार

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

खोलीचा फोटो बाबांनी मोठा करकरून पाहिला, आत्यालाही दाखवला. राखाडी भिंत, मोहरी रंगाचे पडदे, आणि सगळं तुझ्या पगारातून. मला फार बरं वाटलं. रंगाला शोभतील आणि हातून मरणार नाहीत अशी झाडं तू विचारलीस. फोनवर मी भलतीकडेच गेले आणि तू "बरं, ठेवतो" म्हणालास. म्हणून आज फक्त झाडांचंच लिहिते.

राखाडी भिंतीपुढे गडद पान उठून दिसत नाही. तिथे पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट घे, ती कड पडद्यांना जुळेल. सरळ उभा वाढतो, जागा अडवत नाही. माती आतपर्यंत सुकली की मगच पाणी. थंडीत तर महिन्यातून एकदा पुरतं. काळपट लाल पानाचा रबर प्लांट तुला आवडला होता, तो खिडकीजवळच्या पांढऱ्या भिंतीशी ठेव. टेबलाच्या कोपऱ्यात उजेड कमी दिसतो, तिथे झेडझेड प्लांट ठेव. त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, पाणी त्यांत साठतं. दिवाळीला पंधरा दिवस घरी राहिलास तरी त्याला काही होत नाही. (राहा मात्र.) गुलाबी पानांचा अ‍ॅग्लोनेमा मोहरीशेजारी मला तरी बरा वाटत नाही. पांढऱ्या पट्ट्यांची पानंही त्या कोपऱ्यात नकोत. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून त्यांना उजेड जास्त लागतो; कमी पडला की नवी पानं हिरवीच येऊ लागतात.

कुंडीखाली बशी लागेलच, फरशी घरमालकाची आहे. त्या बशीत पाणी साचू देऊ नकोस. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. नुसतं ओतूनही भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. आठवड्याला एक वार ठरव आणि बशी घासून काढ. कूलरची टाकी, फ्रीजमागचा ट्रे, सगळंच. आणि हा डास दिवसा चावतो, म्हणून रात्री मच्छरदाणी लावली की झालं असं समजू नकोस.

झालं, पुन्हा सुरू झाले. रागावू नकोस. तू आता मोठा आहेस, कळतं मला.

मनी प्लांट मात्र विकत घेऊ नकोस. सातवीत तू अप्पांच्या शाईच्या दौतीत एक फांदी खोचली होतीस, आठवतं? ती आता माळ्यापर्यंत चढली आहे. अप्पा गेले त्या वर्षी अर्धी वाळली होती, मी हरले होते. तूच शाळेतून आलास की तिचं पाणी बदलायचास, कुणी न सांगता. तिच्याच दोन फांद्या बाबांबरोबर पाठवते. पेराच्या खाली कापल्या आहेत, पाण्यात मुळं सुटतील. त्या बाटलीचं पाणीसुद्धा दर आठवड्याला बदल. का ते आता लिहीत नाही.

लिहितेच. गेल्या श्रावणात तुला ताप होता आणि मला चौथ्या दिवशी कळलं, तेही तुझ्या मित्राकडून. तू काळजीपोटीच लपवलंस, हे मला ठाऊक आहे. पण नाशिकहून पुण्याला येताना सबंध घाटभर मी काहीच बोलले नाही, बाबांना विचार. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते डोक्यातून जात नाही: डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार, एक होऊन गेला की तो पुन्हा होत नाही, पण दुसरा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. तुझा एक होऊन गेलाय. म्हणून मी बशीवर येते रे सारखी.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून मातीच्या तीन कुंड्या आणल्या आहेत, मातीची कुंडी लवकर सुकते. राखाडीपुढे तो भगवा रंग छान दिसेल. बाबा शनिवारी सकाळच्या गाडीने निघतील. चिवडा वेगळ्या पिशवीत आहे, कुंड्यांच्या पिशवीत शोधू नकोस.

झाडं लावलीस की फोटो पाठव. बशा दिसतील असा. आणि अंग जरा जरी कोमट लागलं तरी त्याच दिवशी फोन कर, रात्री दोन वाजताही.

तुझी,
आई